जरा घाबरून सही कर

ईस्टरच्या सुट्टीत पुण्याला आले होते. दाताचं काम, आईबरोबर लक्ष्मी रोड आणि बँक, एवढंच ठरवलं होतं. बँकेत जायचं कारण असं की माणूस परदेशी राहायला लागला की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घ्यावं लागतं. फॉर्म भरा, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती जोडा, तिकडच्या पत्त्याचा पुरावा द्या, संपलं.

निघताना बाबा म्हणाले, "येऊ का मी?"

"बाबा, मी तिकडे एकटी राहते."

"तिकडचं वेगळं," म्हणून त्यांनी पेपर उलटला. पँट मात्र घातलेली होती. सकाळी दहा वाजता, रिटायर झालेल्या माणसाने, घरात. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

नळ स्टॉपजवळच्या त्या शाखेत माझा नंबर लागला. साहेबांनी कागद चाळले, स्क्रीनकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, सही जुळत नाही."

स्क्रीनवर माझी २०१६ सालची सही होती. अठरा पूर्ण झाल्यावर अज्ञान खात्याचं सज्ञान खातं करताना केलेली. गोल गोल अक्षरात 'केतकी', वेलांटी थेट छपराला टेकलेली, खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ती टिंबं कशासाठी होती कोण जाणे. फॉर्मवर जी सही होती ती म्हणजे एक उभा फटकारा आणि पुढे लांबत गेलेली रेघ.

आता ही रेघ कशी झाली ते सांगते. मी २०२३ साली शिकायला श्टुटगार्टला गेले. तोवर माझ्या आयुष्यातल्या बहुतेक सह्या बाबांनी केल्या होत्या. प्रगतिपुस्तक, सहलीचं संमतिपत्र, कॉलेजची फी, मोबाइलचं सिमसुद्धा. तिकडे पोचल्यावर सगळ्या कागदांना एकदम माझीच सही हवी झाली. भाडेकरार, खोलीच्या भिंतीवर आधीपासून कुठे ओरखडे आहेत त्याची यादी, महापालिकेत नाव नोंदवायचा अर्ज, आरोग्य विमा, इंटरनेट, शिवाय शेजाऱ्यांची पार्सलं, कारण मजल्यावर दिवसा घरी सापडणारी मी एकटीच. टिंबं पहिल्याच आठवड्यात गेली, वेलांटी हिवाळ्यात गळाली. उरली ती रेघ, आणि त्या रेघेवर आख्खा जर्मनी खूश होता.

मीही खूश होते, हे कबूल करते. रात्री साडेअकराला उपमा केला. का? केला. कुठे चाललीस, कधी येणार, जेवायला आहेस का, बरोबर कोण आहे, यातला एकही प्रश्न नाही. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असते, पाळी आली की दारावर तशी पाटी लटकते. मी पहिल्यांदा जिना झाडला तेव्हा इतका अभिमान वाटला की आईला फोटो पाठवला. आईचं उत्तर: "इथे स्वतःची खोली कधी झाडली होतीस?" घरमालकीणबाई मी किती वाजता येते हे विचारत नाहीत. त्या फक्त खिडक्यांचं विचारतात. भर थंडीत रोज पाच-पाच मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी येते, हे करारातच लिहिलंय. माझ्याकडे टीव्ही नाही तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी म्हणून महिन्याला १८ युरो ३६ सेंट मी भरते आणि त्यावर चिडायचीही मला पूर्ण मोकळीक आहे. स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या नावावर चिडणं काय असतं ते घरी राहून कळत नाही.

तर साहेब म्हणाले, "परत करून बघा." फॉर्ममागच्या कोऱ्या जागेत परत केली. "नाही." बँकेच्या दोरी बांधलेल्या पेनमध्ये शाई नव्हती, ते मी दोरीसकट हलवत होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "हे घे."

एक काका. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत रबरबँड लावलेला पासबुकांचा गठ्ठा. पासबुक छापायचं यंत्र बंद होतं आणि ते सुरू होईपर्यंत हलायचं नाही असं ठरवून ते बसले होते. त्यांनी पेन दिलं, टोपण स्वतःच्या मुठीत ठेवलं.

"टोपण माझ्याकडे. माणसं पेन नेतात, टोपणाशिवाय कोणी नेत नाही." मग मान लांब करून स्क्रीन बघितली. "कुठल्या वर्षीची?"

"२०१६."

"तेव्हा काय करत होतीस?"

"बारावीची परीक्षा दिली होती."

"निकाल लागला होता?"

"नाही लागला अजून, तेव्हा."

"मग बरोबर आहे," काका साहेबांना म्हणाले, "घाबरलेली सही आहे ती." आणि मला, "जरा घाबरून कर बघू."

मला वाटलं थट्टा करतायत. छे. काकांनी दापोडीच्या एसटी वर्कशॉपच्या स्टोअर्समध्ये आयुष्य काढलं होतं आणि गेटपासवरच्या सह्या बघून माणूस सुटा नट चोरतोय की आख्खा गिअरबॉक्स, हे ते ओळखायचे, असं त्यांचं म्हणणं. पैसे काढायच्या स्लिपांचा गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "मागच्या बाजूला कर. कागद फुकट घालवू नकोस."

मी केली.

"'क'चं पोट कुठे आहे? पोट दे त्याला."

दिलं.

"आता 'त'. अगं, दांडी बघ कशी बेफिकीर उभी केलीस. तिकडे एकटी राहतेस ना?"

"हो."

"दिसतंय. बँकेला बेफिकीर दांडी चालत नाही. भाडं किती?"

मला वाटलं हाही सहीचाच भाग असेल, म्हणून सांगितलं, "साडेसहाशे युरो."

काकांनी शंभरने गुणलं. "पासष्ट हजार! किती खोल्या?"

"एक."

"एका खोलीला पासष्ट हजार? मालक आहे का वाल्या कोळी?" ही बातमी त्यांनी मागे वळून रांगेला दिली. रांगेतल्या, व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म हातात धरलेल्या काकू म्हणाल्या, "आमच्या धायरीत एवढ्यात तीन फ्लॅट भाड्याने मिळतील." एक गृहस्थ म्हणाले की धायरीला पाणी नाही. मग बराच वेळ धायरीच्या पाण्यावर गेला. टँकर, सोसायटीचा सेक्रेटरी, निवडणुकीआधी आलेली आणि नंतर कोरडी पडलेली पाइपलाइन. मी वेलांट्या गिरवत होते.

"स्वयंपाक?" काकांनी अचानक परत माझ्याकडे मोर्चा वळवला.

"मीच करते."

"एकटीसाठी?"

"हो."

"मग उरत असेल."

"दुसऱ्या दिवशी खाते."

"शिळं," ते फॉर्मवाल्या काकूंना म्हणाले. काकूंनी 'च्यक्' केलं. माझ्या स्वतंत्र आयुष्याचा पंचनामा एका शब्दात आटोपला. "टिंबं राहिली," काका म्हणाले. "दोन. फार लांब नको टाकूस, भावंडांसारखी जवळ हवीत. हां! साहेब, ही बघा, ही जुळते की नाही?"

साहेबांनी बघितली. मग जरा ओशाळून म्हणाले, "काका, तुम्ही शिकवलेली सही मी कशी घेऊ?"

हे बरोबर होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला. समोर पासपोर्ट, शेजारी जर्मनीचं निवासपत्र, दोन्हींवर माझा फोटो, आणि फोटोतलं तोंड घेऊन मी जातीने उभी. साहेब म्हणाले, "खातं जॉइंट आहे ना? मग असं करू. बाबांना बोलवा. ओळख पटवतील."

माझं वय अठ्ठावीस. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरच्या मुलांनाही आपलं बचत खातं आपण उघडायला आणि चालवायला मोकळीक दिली. दहा वर्षांच्या पोराला! त्याला आणि मला एका रांगेत उभं केलं असतं तर त्याचं काम आधी झालं असतं, कारण त्याची सही अजून ताजी असती. मोडक्या जर्मनमध्ये मी परदेशी नागरिकांच्या कचेरीत हुज्जत घालून व्हिसा वाढवून आणलाय. जायच्या आधी व्हिसासाठी ११,२०८ युरो एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवले होते आणि त्यातून महिन्याला मोजून ९३४ हातात यायचे, म्हणजे विश्वास जर्मनांनीही ठेवला नव्हताच. पण त्यांनी बाबांना बोलावलं नाही. (पैसे कर्जाचे होते आणि कर्जाला जामीन बाबा होते. तो विषय आत्ता नको.)

फोन केला. बाबा चार मिनिटांत हजर. डहाणूकर कॉलनीतून नळ स्टॉपला सकाळच्या ट्रॅफिकमध्ये चार मिनिटांत हेलिकॉप्टरही पोचत नाही. ते समोरच्या अमृततुल्यमध्ये बसले होते. मिशीला चहा होता.

पुढचं सगळं ते आणि साहेब यांच्यात झालं. दोघं वेताळ टेकडीवर रोज सकाळी भेटतात असं निघालं.

"कुठे असते ही?" साहेबांनी बाबांना विचारलं. 'ही' त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"जर्मनीत. श्टुटगार्ट."

"एकटीच?"

"हो, काळजी वाटते."

"वाटणारच. हुशार आहे हं पण."

मी म्हटलं, "मी इथेच आहे." दोघांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. बाबांनी सही केली. त्यांची १९८९ पासूनची सही, एका कानाचाही फरक नाही. हा माणूस छत्तीस-सदतीस वर्षं एकाच गावात, एकाच पेठेतून एका कॉलनीत एवढाच हललाय, सही बदलणार कुठून? साहेबांनी ती कौतुकाने न्याहाळली. काकाही उठून बघायला आले आणि म्हणाले, "याला म्हणतात सही." मग पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

नव्या फॉर्मवर माझ्या नमुना सह्या घ्यायच्या होत्या. "आता कुठलीही करा, पण पुढे तीच ठेवा," साहेब म्हणाले. मी रेघ ओढणार, तर काका, काकू, बाबा आणि साहेब चौघंही बघत होते. हात आपोआप वळला. पोट, दांडी, वेलांटी, दोन टिंबं. आता बँकेच्या दप्तरी मी कायमची बारावीच्या निकालाची वाट बघत बसले आहे.

खातं 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' झालं, म्हणजे मी हयात असेपर्यंत ते चालवायचा हक्क माझा. कागदावर वाचून बरं वाटलं. मोबाइल नंबर मात्र जुनाच राहिला, बाबांचा. तिकडचा नंबर जोडायला वेगळा फॉर्म लागतो आणि तो फॉर्म त्या दिवशी संपला होता.

काल रात्री श्टुटगार्टमध्ये बसून घरी हापूसची पेटी पाठवत होते. अक्षय्य तृतीयेला आईबाबांच्या दारात अचानक आंबे, असा बेत. पैसे माझ्या खात्यातून. बटण दाबलं आणि लगेच फोन वाजला. पुण्यात रात्रीचा साडेबाराचा सुमार.

"काय घेतेस गं एवढ्या रात्री? मेसेज आलाय."

"काही नाही बाबा. नंबर सांगा फक्त."

"दोन हजार चारशे कसले?"

"सांगते नंतर. सहा आकडे आहेत ना, ते वाचा."

"आंबेवाल्याचं नाव आहे यात. पेटी मागवतेस? अगं, मार्केट यार्डात मी परवाच भाव विचारलाय, एवढ्यात दीड पेटी येते. तू कशाला त्रास घेतेस, मी आणतो."

"बाबा, माझे पैसे आहेत. मला पाठवायचेत. ओटीपी सांगा."

पलीकडे चष्मा चढवल्याचा आवाज आला. मग बाबा सावकाश वाचायला लागले, "हा ओटीपी कोणालाही सांगू नका. बँकेचे कर्मचारी तो कधीही..."

"बाबा!"

"अगं, त्यांनीच लिहिलंय."