भाडं पाण्यात जातं म्हणे!

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज महिन्यात तीनदा येऊन गेला. 'भाडं म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा. रेपो दर उतरलाय, आता हप्ता भाड्याइतकाच बसतो, वर कर वाचतो. आज घेतलं नाहीत तर जन्मभर भाडेकरू. सोलापुरात जागेचा भाव कधी पडत नाही.' खाली मावसभावाची पुस्ती: 'बघ, जरा विचार कर.' केला विचार.

आधी भाडं. मी जुळे सोलापुरात टू बीएचकेला 9 हजार भरतो. तसाच फ्लॅट 30 लाखांना धरू. बँक फार तर 90 टक्के देणार, म्हणजे 27 लाख. 8 टक्के दराने, 20 वर्षांसाठी हप्ता येतो साधारण 22,600. हा भाड्याइतका? बरं, पहिल्याच हप्त्यातले 18 हजार निव्वळ व्याज. मुद्दलात जातात जेमतेम साडेचार हजार. माझे 9 हजार पाण्यात जात असतील, तर हे 18 हजार काय हिप्परग्याच्या तळ्यात जातात? शिवाय खिशातून उरलेले 3 लाख, साधारण 6 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी. पाच लाखांच्या वर रोकड घातल्याशिवाय किल्ली हातात येत नाही. (घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सूट आहे. हे मात्र मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही!)

रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, उतरला हे खरंच. घरकर्जाचा दर त्याच्यामागं चालतो. फेब्रुवारी 2025 च्या आधी 6.50 टक्के होता, डिसेंबरात 5.25 वर आला. पण हाच दर 2020 मध्ये 4 होता, आणि मे 2022 ते फेब्रुवारी 2023 एवढ्यात अडीच टक्के चढला. तेव्हा काय झालं ते बघा. पावणेसात टक्क्यांनी घेतलेल्या 27 लाखांचा हप्ता बसतो 20,530. दर सव्वानऊ झाला की नुसतं व्याजच 20,800! हप्ता भरायचा, तरी मुद्दल फुगायचं. बँकांनी मुदती लांबवल्या, कित्येकांना पत्ताही नाही. शेवटी ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तरता दर आहे हा, रेपोबरोबर वरखाली होणारा. आज उतरलेला 20 वर्षं तिथंच बसून राहणार नाही.

कर वाचतो? जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. विषय संपला.

'जन्मभर भाडेकरू' ही नुसती धास्ती. सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन या. 2006 मध्ये विडी वळणाऱ्या 10 हजार बायकांना तिथं घरं मिळाली, जानेवारी 2024 मध्ये तिथल्याच रे नगर वसाहतीत आणखी 15 हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. ती माणसं मेसेज वाचून धावली नव्हती. संघटना, मोर्चे, सरकारी अनुदान आणि कैक वर्षांची चिकाटी होती त्यामागं.

राहिला भाव. भाव आणि गिऱ्हाईक या दोन गोष्टी आहेत. याच मावसभावाचा शहराच्या हद्दीबाहेर गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेला प्लॉट आहे; खरेदीखताची नोंदणी न करता नुसत्या नोटरीवर घेतलेला. दोन वर्षं विकायला काढलाय. भाव तो सांगतो तसा वाढलाही असेल. गिऱ्हाईक येतं, सातबाऱ्यावरची सामायिक नावं वाचतं, बँक कर्ज देणार नाही हे ओळखतं, नळ कुठं आहे ते विचारतं आणि चहा पिऊन जातं.