‘भावी आमदार’ होऊ घातलेल्या सज्जनांस

कपाळाला टिळा, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल आणि खाली ‘भावी आमदार’ अशी अक्षरं. असा तुमचा फ्लेक्स चौकात लागला असेल तर अभिनंदन, निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी चार गोष्टी सांगतो. मी स्वतः कधी ग्रामपंचायतीलाही उभा राहिलो नाही. पण गेले पाच महिने, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, आमदारकी म्हणजे काय ते अंगावर घेतोय. तेवढा अधिकार पुरे.

आधी दशक्रिया. ती चुकवू नका. लग्न चुकलं तर आहेर पाठवता येतो. दहाव्याला मात्र माइक असतो, पाचशे माणसं गप्प बसलेली असतात आणि उलट प्रश्न विचारायची पद्धत नसते. सभागृहापेक्षा सोय चांगली.

पक्ष कोणता, हा प्रश्न आम्हाला पडतो, तुम्हाला पडू नये. तिकीट देईल तो. पुढं फुटायची वेळ आली तर एकट्यानं फुटू नका. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एकतृतीयांश फुटले तरी चालायचं, २००३ साली ती पळवाट बुजवली. आता दोनतृतीयांश लागतात, तेही विलीनीकरणासाठी. पण घाबरायचं कारण नाही. एकटा गेला तर गद्दार, चाळीस गेले तर उठाव. जून २०२२ मध्ये शिवसेनेतून फुटलेल्या आमदारांची सुरत, गुवाहाटी, गोवा अशी सहल झाली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ ला आला, विधानसभा अध्यक्षांचा १० जानेवारी २०२४ ला. अपात्र किती ठरले? इकडचा नाही, तिकडचा नाही, एकही नाही. तारखांवर तारखा पडत असताना आमदारकीची वर्षं सुखानं सरतात. झाडी आणि डोंगार बघून होतात ते वेगळंच.

निवडणूक खर्चाची मर्यादा ४० लाख. ती काटेकोर पाळा, बाकीचं हितचिंतक बघतात.

नाराज व्हायला शिका. २८८ जणांच्या सभागृहात पंधरा टक्क्यांच्या नियमानं मुख्यमंत्र्यांसह ४३ जणांचीच मंत्रिमंडळात सोय होते. उरलेल्यांनी दोन दिवस ‘नॉट रिचेबल’ व्हायचं. महामंडळ कुठं गेलं नाही.

आता वर्षाला पाच कोटींचा आमदार निधी. तो दिसेल असा खर्च करा. हायमास्ट दिवा, ओपन जिम, पेव्हर ब्लॉक, बसथांबा. थांब्यावर तुमचा फोटो छपरापेक्षा मोठा हवा. एसटी तिथं थांबते की नाही हा परिवहन खात्याचा विषय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उद्घाटन. आमच्या ओढ्यावर पूल झालाय. भूमिपूजन तीनदा झालं, तिन्ही वेळा नारळ फोडणारे हात तेच, उपरणं तेवढं दर वेळी निराळं. तिन्ही कोनशिला काठावर ओळीनं उभ्या आहेत. उद्या पूल वाहून गेला तर त्यांना धरून पलीकडे जाता येईल, इतक्या भक्कम. पूल पाच महिन्यांपूर्वी तयार झाला. रंग झाला, कठडे झाले, आणि मग दोन्ही तोंडांना मुरमाचे ढीग टाकून तो बंद केला. कारण लोकार्पण व्हायचंय. ओढ्यावरचा जुना फरशी पूल काम सुरू करतानाच तोडला, त्यामुळं आता रेल्वे फाटकाकडून वळसा, १४ किलोमीटरचा. माझ्या वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. फाटक पडलं की उशीर, आणि उशीर झाला की चार तासांतला एक तास कापला जातो, कारण पुढचा पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो. त्याचंही चुकत नाही. पीएला फोन केला. साहेब अधिवेशनात आहेत म्हणाला. त्याच संध्याकाळी साहेब फेसबुकवर होते, टेनिस बॉल क्रिकेटचा चषक वाटत. पुन्हा फोन केला तर म्हणे पालकमंत्र्यांची तारीख जुळत नाही. मग गावातल्या पोरांनी रात्रीतून ढीग उकरून बाईकपुरती वाट केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथं आणखी दोन ब्रास मुरूम येऊन पडला. दोन ब्रास! पावसाळ्यात गावातल्या खड्ड्यांसाठी घमेलंभर मुरूम मागायला गेलो तेव्हा अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, सगळी पुराणं ऐकवली होती. पूल बंद ठेवायला मात्र एका फोनवर हायवा आला. परवाच्या मंगळवारी वडील त्या ढिगाकडे बघत म्हणाले, ‘अरे, चालत गेलो असतो तर?’ त्यांना घरातून अंगणात यायला धरावं लागतं.

हां, तर सल्ला चालू होता. निवृत्तिवेतन. एक टर्म मारा, मग दरमहा किमान ५० हजार. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेला मास्तर जुन्या पेन्शनसाठी रस्त्यावर बसला, की तिजोरीवर पडणारा भार याच विषयावर गंभीर चेहऱ्यानं बोला. जमेल तुम्हाला.

नाही, मला हे हसत हसत लिहिणं जमेना झालंय. अहो, आमदाराचं काम काय असतं? कायदे करायचे. खात्याला दिलेला पैसा कुठं गेला ते उभं राहून विचारायचं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी ही आयुधं त्यासाठी दिलीत, मतदारसंघात त्यांची कात्रणं फिरवायला नव्हे. गोंधळात पाच मिनिटांत विधेयक मंजूर होतं तेव्हा तुम्ही कुठं असता? कँटीनमध्ये? त्या विधेयकाचं एक पान तरी उलटलेलं असतं? पूल तुमच्या खिशातून झालेला नाही. माझ्या बापानं आयुष्यभर कर भरला, काडेपेटीवरसुद्धा भरला, त्यातून झालाय. तुमच्या फितीची वाट बघत तो फाटकावर का बसलाय? लाज वाटायला हवी तुम्हाला. आणि उद्या लोकार्पण झालं की त्याच मुरमावर उभं राहून जेसीबीतून फुलं उधळणारे, तुमच्याबरोबर सेल्फी काढणारे आमच्याच गल्लीतले असतील, त्यांनाही.

मंत्री येवोत, न येवोत. येत्या शुक्रवारी सकाळी सातला आम्हाला निघायचंय. तेवढा ढीग बाजूला करा.