एसी पुस्तकांना, पडवी माणसांना

काचेच्या भिंतीवर दोन वारली चित्रं रंगवली म्हणून ग्रंथालय 'स्थानिक परंपरेचं' होत असेल, तर ठाण्यातल्या उड्डाणपुलांचे खांबही परंपरेचेच म्हणायचे!

नवी मुंबईत खाजगी विद्यापीठं उभी राहताहेत, चांगलंच आहे. पण त्यांच्या ग्रंथालयांची गुळगुळीत संकल्पचित्रं पाहिली की वाटतं, हे काढणाऱ्याने इथला जुलै कधी काढलाय का? आपल्याकडे चार महिन्यांत साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर मुक्काम ठोकते, आणि ६५च्या पुढे ती टिकली की पुस्तकं बुरशी धरू लागतात. त्यात बंद काचेच्या इमारतीत दिवसभर एसी, आणि रात्री वीज वाचवायची म्हणून तो बंद. मग गार झालेल्या पुठ्ठ्यांना दमट हवा भिडते. त्याला 'ग्रीन बिल्डिंग' म्हणायचं.

कोकणातल्या घराने याचं उत्तर मांडणीतच दिलंय. उंच जोतं, त्यामुळे जमिनीची ओल चढत नाही. लांब पुढे आलेलं छप्पर आणि भोवती पडवी, त्यामुळे झड आतल्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. माजघर कोरडं राहतं ते पडवी भिजते म्हणून.

ग्रंथालयही तसंच करा ना. मधोमध पुस्तकांचं माजघर, जाड भिंतींचं, छोटं, आर्द्रता काढणारं यंत्र चोवीस तास चालू. भोवती रुंद पडवी, छताला पंखे, तिथे विद्यार्थी. कोरडी ठेवायची हवा कमी, म्हणजे बिलही कमी. मे महिन्यात पडवीत घामाच्या धारा लागतील, मान्य. त्यासाठी एक बंद अभ्यासिका ठेवा, सगळी इमारत कशाला?

आणि हो, परंपरा म्हणून रत्नागिरीहून ट्रकने तांबडा जांभा दगड आणू नका. खारघरच्या डोंगराचा दगड काळा आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत केली, तेव्हा उतरती छपरं आणि सामायिक अंगणं घेतली. वाड्याची नक्कल नाही केली.

छपराचं पाणी तर फुकटच. १००० चौरस मीटर छपरावर वर्षाला २५ लाख लिटर पडतं. त्यातलं निम्मं साठवलं तरी स्वच्छतागृहं आणि झाडं यांची मोठी सोय होते.

कुणाच्या ओळखीचं अशा बांधकाम समितीवर असेल तर एवढंच करा: जुलैत पुस्तकांच्या खोलीत आर्द्रता किती राहील, हा आकडा आर्किटेक्टकडून लेखी घ्या. थ्रीडी चित्रं नंतर बघा.