‘नरबळी रानटी लोकच देत’ : एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतोय. थोडक्यात तो असा: नरबळी ही निरक्षर, रानटी टोळ्यांची प्रथा, लिपी आली, राज्यं आली आणि ती आपोआप मिटली. बळी जाणारे श्रद्धेपोटी हसत मरायचे. मेक्सिकोतल्या अझ्टेकांनी चार दिवसांत 80,400 माणसं कापली. नरमांस खाणारे ते सगळे राक्षसच. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘आपल्या धर्मात असलं कधीच नव्हतं.’ हे शेवटचं वाक्य कुठल्याही धर्माचा माणूस बिनदिक्कत पुढे ढकलू शकतो, हीच त्यातली गंमत.

‘लिपी आणि राज्य आलं की नरबळी संपतो.’ चीनमधलं सर्वात जुनं लिखाण सापडतं ते आन्यांगला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग राजांच्या राजधानीत. बैलांच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर राजाच्या वतीने विचारलेले प्रश्न कोरलेत. पाऊस पडेल का? राजाचा दात दुखतोय तो कुठल्या पूर्वजाच्या कोपामुळे? आणि त्याच ओघात, पूर्वजांना किती माणसं वाहायची? त्यातले बरेचसे लढाईत धरून आणलेले परके लोक. या लेखांत नोंदलेल्या बळींची बेरीज अभ्यासकांनी केली, ती 13,000 च्या वर जाते. आपल्याला ही बेरीज करता येते ती लिपी होती म्हणूनच.

2016 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात 93 ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे तैवानपासून पॅसिफिक बेटांपर्यंत पसरलेल्या एका भाषाकुळातल्या, समाजांचा अभ्यास छापून आला. ज्या 20 समाजांत उच्चनीच जवळजवळ नव्हतं, त्यांपैकी 5 समाजांत नरबळी होता. मधल्या 46 पैकी 17 मध्ये. आणि जिथे सरदार, पुरोहित, गुलाम अशी पक्की उतरंड होती, त्या 27 पैकी 18 मध्ये. बळी द्या म्हणणारे वरचे, बळी जाणारे बहुधा खालचे. ‘रानटी’ या शब्दाने यातलं काहीच उलगडत नाही.

‘बळी जाणारे स्वखुशीने जात.’ हे सांगणारे कोण? मेलेले तर नाहीत. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) उर शहरात पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीने 1920 च्या दशकात राजघराण्याच्या कबरी उकरल्या. एका खड्ड्यात 74 माणसं ओळीने निजवलेली, त्यातल्या 68 बायका, नटूनथटून. वूलीला वाटलं, सगळ्यांनी विषाचा पेला शांतपणे ओठाला लावला असणार. पुढे उरच्याच दोन कवट्यांचं सीटी स्कॅन झालं, तेव्हा डोक्यात अणकुचीदार हत्याराचे घाव दिसले. पण मला त्या घावांहून जास्त छळते ती त्या खड्ड्यातली एक बाई. बाकीच्यांच्या केसांत फिती होत्या. हिची चांदीची फीत गुंडाळी करून कमरेपाशी तशीच राहिलेली. वूलीचा अंदाज असा, की तिला उशीर झाला असावा आणि फीत बांधायची राहून गेली.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, लुलाइलाको शिखराजवळ 6,700 मीटरवर, 1999 मध्ये इंका काळातली तीन गोठलेली मुलं मिळाली. मोठी मुलगी साधारण 13 वर्षांची. तिच्या केसांच्या तपासणीतून दिसलं, की शेवटच्या महिन्यांत तिच्या पोटात कोका (ज्याच्या पानांपासून कोकेन बनतं ती वनस्पती) आणि दारू वाढत गेली होती. दातांमध्ये कोकाच्या पानांचा तोबरा तसाच होता. याला स्वखुशी म्हणायचं असेल तर म्हणा.

80,400 चा आकडा 1487 च्या, अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान (आजची मेक्सिको सिटी) इथल्या मंदिर-सोहळ्याचा. तो येतो एका स्पॅनिश पाद्र्याच्या बखरीतून, घटनेनंतर कित्येक दशकांनी लिहिलेल्या. चार दिवस म्हणजे 5,760 मिनिटं. रात्रंदिवस न थांबता मिनिटाला 14 माणसं? पण म्हणून ‘सगळा स्पॅनिश अपप्रचार’ हे उलट टोकही खोटं. मेक्सिको सिटीत 2015 पासून सापडत गेलेल्या कवट्यांच्या बुरुजात 600 हून जास्त कवट्या निघाल्या, बायकामुलांच्यासुद्धा.

‘नरमांस खाणारे राक्षसच.’ पापुआ न्यू गिनीतले फोरे लोक मेलेल्या नातेवाइकाचं मांस खात, शोकविधी म्हणून. आपलं माणूस किड्यांनी खाण्यापेक्षा आपल्यात राहावं, ही भावना. खाणाऱ्यांत बायका आणि मुलं जास्त, म्हणून ‘कुरू’ या मेंदूच्या रोगाने मेलीही तीच जास्त. इकडे 1685 मध्ये मरणपंथाला लागलेल्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला माणसाच्या कवटीचा अर्क पाजला गेला. ते औषध ठरलं. नरभक्षकाला इंग्रजीत म्हणतात तो ‘कॅनिबल’ हा शब्दच मुळी कॅरिबियन बेटांवरच्या कॅरिब लोकांच्या नावावरून आला. 1503 मध्ये स्पेनच्या इसाबेला राणीने अशा ‘नरभक्षकांना’ पकडून विकायला परवानगी दिली. त्यानंतर कोण नरभक्षक हे ठरवण्यात गुलामांच्या व्यापाऱ्यांना किती रस असेल, वेगळं सांगायला नको.

राहिलं ते ठळक वाक्य. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात राजा हरिश्चंद्राच्या मुलाऐवजी बळी द्यायला शुनःशेप विकत घेतला जातो. भुकेने गांजलेला बाप अजीगर्त 100 गाई घेऊन मुलगा विकतो, आणखी 100 घेऊन त्याला यूपाला, म्हणजे यज्ञातल्या बळीच्या खांबाला, बांधतो, आणखी 100 घेऊन कापायला पुढे होतो. शुनःशेप सुटतो, आणि कथा म्हणजे घडल्याचा पुरावा नव्हे, हे मान्य. पण राजाच्या मुलाचा जीव वाचवायला गरिबाचा मुलगा, हा हिशेब ज्यांनी रचला त्यांना ही गोष्ट अनोळखी नव्हती. बायबलमध्ये बापाच्या नवसापायी बळी जाणारी इफ्ताहची मुलगी सुटतसुद्धा नाही. रोमने कॅनीच्या लढाईत हॅनिबलकडून झालेल्या पराभवानंतर, इ.स.पू. 216 मध्ये, दोन गॉल आणि दोन ग्रीक भर बाजारात जिवंत पुरले. रोमन इतिहासकार लिव्ही ते लिहितो आणि लगेच हा विधी रोमन वळणाचा नव्हे म्हणून हात झटकतो. फॉरवर्ड तेव्हाही होते म्हणायचे.

त्याच रोममध्ये पुढे ख्रिस्ती लोक चोरून मुलं खातात अशी आवई उठली. ख्रिस्ती सत्तेवर आल्यावर काही शतकांनी तोच आळ यहुद्यांवर आला. 1247 मध्ये पोप चौथ्या इनोसंटने तो खोटा असल्याचं लेखी कळवलं, तरी 1475 मध्ये ट्रेंटला (आजच्या इटलीत) सिमोन नावाचं लहान मूल मेलेलं सापडताच तिथल्या यहुद्यांना हालहाल करून कबुल्या घेतल्या आणि जिवे मारलं. सिमोनची पूजा सुरू झाली. चर्चने ती बंद केली 1965 मध्ये, 490 वर्षांनी.