सिद्ध्याची कुपी

काल रात्री पार्क चौकातल्या कट्ट्यावर सिद्ध्यानं बॅगेतून अंगठ्याएवढी काचेची कुपी काढली. तळाला चिमूटभर पांढरी भुकटी.

"पेप्टाईड हाय बे. खांदा आठ दिवसात बरा."

खांदा बेंचप्रेसनं गेला असं तो जिममध्ये सांगतो. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यातून उतरताना आपटला होता. मी होतो की तिथं.

"पेपटाईट?" मल्ल्या म्हणाला. "टाईट काय बे त्यात?"

इरण्णाचं मेडिकल आहे. त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढून लेबल वाचलं. "बीपीसी-१५७. खाली बारीक अक्षरात 'फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही'. तू माणसात येतोस का, ते आधी ठरव."

"वजन उतरवायचं इंजेक्शन पण पेप्टाईडच की! ते चालतंय, मग हे का नाही?"

"अमिनो आम्लांची माळ बे ती. दोन मणी ओवले तरी पेप्टाईड, तीस ओवले तरी पेप्टाईड. लईच लांब झाली की प्रोटीन म्हणतात. तुझ्या त्या वजनाच्या इंजेक्शनात, सेमाग्लुटाइडात, ३१ मणी, आमच्या आईच्या इन्सुलिनमध्ये ५१. इन्सुलिन १९२२ पासनं माणसांना टोचतायत. सेमाग्लुटाइड हजारो पेशंटांवर बघून मग दुकानात आलं. तुझं हे बघितलंय बहुतेक उंदरांवर. खेळाडूंना तर २०२२ पासनं बंदीच हाय. नावावर जाऊ नको. 'सोलापुरी चादर' असं कुठल्याही गठ्ठ्यावर लिहितात, एकदा धुतली की कळतंय."

"मग टोचत नाही, गिळतो."

"गिळ की. बहुतेक पेप्टाईडं शेंगाचटणीसारखी पचतात. इन्सुलिन का टोचावं लागतं मग? पेप्टाईड शब्दच ग्रीकमधला, 'पचलेलं' वरनं आलाय."

मल्ल्याला वेगळीच काळजी. "बायकोच्या क्रीमवर पण पेप्टाईड लिहिलंय. अठराशेची डबी."

"असेल. तीन मण्यांचं, तांबं लावलेलं पण असतंय."

"सुरकुत्या जातात?"

"तिच्या काय म्हाईत नाही. तुझ्या पाकिटाला पडल्या."

बाबू इतका वेळ भेळ खात गप्प होता. मल्ल्यानं त्याला ओढलंच. "ह्याच्या काकाच्या गोठ्यात म्हशीला पान्हा सोडवायला टोचायचे, ते काय होतं?"

"ऑक्सिटोसिन. नऊ मणी. ते पण पेप्टाईड."

"गोठ्याचं काढू नका बे," बाबू भडकला. "शाळेतली गोष्ट हाय ती!"

"म्हणून तर तुझ्या घरचा चहा कोण पीत नव्हतं."

सिद्ध्याला तेवढीच फट सापडली. "इरण्णा, तुझ्या दुकानात मिळत नाही ना, म्हणून जळतोस."

"दुकानाचं काढतोस? प्रोटीनच्या दोन डब्यांची उधारी मार्चपासनं हाय."

"मग बरोबर हाय की," मल्ल्या म्हणाला, "सिद्ध्याचंच टाईट हाय!"

भेळवाल्यासकट सगळे हसले. सिद्ध्यानं कुपी गुपचूप बॅगेत टाकली. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्याचा खांदा एवढा दुखायला लागला की हात खिशापर्यंत जाईना. शेवटी इरण्णानंच दिले.