जर्मन खरे, अमेरिकन खोटे? एका फ्रँकफर्टकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार फ्रँकफर्टकर,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती आणि चांगली झणझणीत होती, म्हणून खाली चार ओळी खरडण्याऐवजी सवडीने लिहितोय. इतरांसाठी तिचा गोषवारा असा: जर्मन आणि अमेरिकन माणसांच्या वागण्याबोलण्यावर मी जो लेख लिहिला, त्यात अमेरिकनांना उगाच सांभाळून घेतलं. जर्मन माणूस पोटात असेल ते ओठावर आणतो, अमेरिकन गोड हसतो आणि विसरतो. 'हाऊ आर यू' विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीने जर्मनीतून गाशा गुंडाळला तो निव्वळ धंद्याच्या गणितामुळे, तिथे संस्कृती मध्ये आणायचं कारण नव्हतं. आणि शेवटी, "जर्मन म्हणजे युरोपातले पुणेकर, आपल्याला ते लगेच कळतात."

पोटातलं ओठावर येतं, इथूनच सुरुवात करू. तुम्ही तिथे नोकरी करता, तेव्हा 'आरबाइट्सत्सॉयग्निस' हे प्रकरण तुम्हाला माहीत असणारच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जर्मनीत नोकरी सोडताना कामाचं लेखी प्रशस्तिपत्र मागण्याचा हक्क कायद्याने मिळतो. ते पत्र खरं असावं लागतं. शिवाय कोर्टांनी घालून दिलेल्या दंडकाप्रमाणे ते सद्भावनेनेही लिहावं लागतं, माणसाच्या पुढच्या नोकरीत विनाकारण काटे पेरता येत नाहीत. आता खरं तर लिहायचं, पण वाईट लिहायचं नाही, अशा कात्रीत सापडलेल्या साहेबाने करायचं काय? त्यातून एक अख्खी सांकेतिक भाषा जन्माला आली. 'श्टेट्स त्सु उन्झरर फोल्श्टन त्सुफ्रीडनहाइट', म्हणजे या व्यक्तीने 'नेहमीच आमचं पूर्णातलं पूर्ण समाधान केलं', असं लिहिलं की अव्वल नंबर. 'पूर्णातलं पूर्ण' जाऊन साधं 'पूर्ण' आलं की दुसरा. 'नेहमीच' गळलं की तिसरा. नुसतंच 'समाधान केलं' म्हणजे काठावर पास. आणि 'यांनी प्रयत्न केले' असं वाक्य दिसलं तर ते पत्र ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवावं. 'मनमिळाऊ स्वभावामुळे कचेरीतलं वातावरण खेळीमेळीचं राहिलं' हे वाचून आपण खूष होऊ, पण जाणकार माणूस त्याचा अर्थ 'कामावर पितो' असा लावतो. गंमत म्हणजे पत्रात असे छुपे संकेत ठेवायला कायद्याने मनाई आहे!

हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 2014 मध्ये एर्फुर्टच्या सर्वोच्च कामगार न्यायालयात एक खटला गेला होता. दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात काम करणारी एक बाई, आणि तिचं म्हणणं एवढंच की माझ्या पत्रात 'पूर्ण समाधान'च्या आधी 'नेहमीच' हा शब्द हवा. त्या एका शब्दासाठी वकील, तारखा, न्यायाधीश. न्यायालय म्हणालं, तिसऱ्या नंबरच्या वरचा शेरा हवा असेल तर तेवढं चांगलं काम केल्याचा पुरावा कर्मचाऱ्याने द्यावा. आता तुम्हीच सांगा, हा देश फक्त तोंडावर बोलणाऱ्यांचा आहे का?

उलट तुमच्या मते साखरेत घोळलेल्या अमेरिकेत जुन्या कंपनीला तुमच्याविषयी विचारलं तर बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळतं ते हुद्दा आणि अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, बस. कौतुकाचा एक शब्द नाही. उद्या कोणी बदनामीचा दावा ठोकला तर काय, ही धास्ती. जिथे कागद कोर्टात जाऊ शकतो तिथे अमेरिकन मुका होतो आणि जर्मन कवी होतो.

मी दोन्हीकडे काम केलंय, स्टुटगार्टच्या आसपास आणि नंतर मिशिगनमध्ये. स्टुटगार्टकडच्या श्वाबियन लोकांत एक म्हण आहे: शिव्या घातल्या नाहीत, म्हणजे पुष्कळ कौतुक झालं. तिथला माझा साहेब आराखडा बघून "नॉट बॅड" या अर्थाचं काहीतरी पुटपुटायचा आणि शेजारचा जुना सहकारी मला डोळ्याने खुणावायचा, की बाबा रे, आज दिवाळी आहे तुझी. मिशिगनमध्ये "ग्रेट जॉब" दिवसभर कानावर पडायचं. पण मीटिंगमध्ये एखाद्याने "आय वंडर इफ..." अशी सुरुवात केली की तिथल्या प्रत्येकाला कळायचं, काम पुन्हा करायचंय. मला कळत नव्हतं, म्हणून ते खोटं बोलत होते असं होत नाही. ऐकणाऱ्याला नेमका अर्थ पोचत असेल तर त्याला खोटं कसं म्हणायचं?

'हाऊ आर यू'चंही तसंच. आपण "या की एकदा घरी जेवायला" म्हणतो तेव्हा समोरचा डायरी काढून तारीख विचारत नाही. जर्मनांकडेही असली रिकामी वाक्यं आहेत, फक्त ती वेगळ्या जागी आहेत. दुपारी साडेअकराच्या सुमाराला कचेरीच्या बोळातून चाला, समोरून येणारा प्रत्येक जण 'मालत्साइट' म्हणतो. अर्थ जेवणवेळ. तो जेवायला निघालेला नसतो, तुम्हीही नसता, तरी म्हणायचं. डॉक्टरकडे बाहेर बसलेल्या सगळ्या अनोळखी लोकांना उद्देशून आत शिरताना 'गुटन मॉर्गन' आणि निघताना 'आउफ वीडरझेन'. अमेरिकन माणूस तिथे गुपचूप जाऊन मोबाइल काढून बसेल. सौजन्य जर्मनांत कमी आहे असं नाही. ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या शब्दांत दिलं जातं, आणि त्याबाहेर मागायला गेलात तर मिळत नाही.

आता माझ्या मूळ लेखातला मुख्य मुद्दा, ज्याला तुम्ही हातच लावला नाहीत. हसणं, न हसणं, अहोजाहो, अरेतुरे यांच्या मागे करार आणि कायदा उभा असतो. जर्मन कचेरीत 'झी' म्हणजे अहोजाहो आणि 'हेर अमुक', 'फ्राउ तमुक', म्हणजे श्रीयुत अमुक, श्रीमती तमुक, अजून बऱ्याच ठिकाणी चालतं. 'डू'वर, म्हणजे अरेतुरेवर, यायचं तर वयाने किंवा मानाने मोठ्याने ते सुचवायचं. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. (स्वीडिश फर्निचरवाल्यांच्या दुकानात मात्र गिऱ्हाइकाला सरसकट 'डू'च म्हणतात, आणि त्यावर कुरकुरणारे काका तिथे अजून भेटतात.) अमेरिकेत पहिल्याच दिवसापासून साहेबाला नावाने हाक. वाटतं, काय ही समानता! पण तोच साहेब तुम्हाला उद्या सकाळी खोकं हातात देऊन घरी पाठवू शकतो. मोंटाना सोडलं तर प्रत्येक राज्यात कारण न देता नोकरीवरून काढता येतं, फक्त भेदभाव वगैरे ठराविक कारणांसाठी काढता येत नाही, एवढंच. याउलट जर्मनीत दहाहून जास्त माणसं असलेल्या कंपनीत सहा महिने झाले की काढण्याला ठोस कारण लागतं, आणि जिथे कामगारांची निवडून दिलेली समिती आहे तिथे आधी तिचं म्हणणं ऐकावं लागतं. जो तुम्हाला वीस वर्षं 'हेर' लावून बोलतो त्याच्या हातात तुम्हाला काढायची ताकद कमी, आणि जो पाठीवर थाप मारतो त्याच्या हातात जास्त. मग जर्मन कर्मचाऱ्याने साहेबाला तोंडावर "हे चूक आहे" म्हटलं तर ते त्याचं शौर्य किती आणि कायद्याचं कवच किती? मला तर वाटतं निम्म्याहून जास्त कवचच.

हॉटेलातल्या हसण्याचंही तेच. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची केंद्रीय किमान मजुरी अमेरिकेत 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर थांबलेली आहे, बाकीचं टिपमधून भरून निघेल या हिशेबावर. वेटर हसतो तेव्हा तो घरभाडं कमावत असतो. जर्मनीत 2015 मध्ये किमान वेतन आलं आणि टिप त्यात धरता येत नाही. तिथला वेटर तुमच्या टेबलाकडे अर्धा तास फिरकला नाही तरी त्याचा पगार शाबूत असतो. हा सगळा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट मात्र माझ्याविरुद्ध जाते, ती तुम्ही काढायच्या आत मीच काढतो: कॅलिफोर्नियात वेटरला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, तरी तिथलं हसू टेक्सासपेक्षा कमी नाही. म्हणजे पैशाने पडलेली सवय नंतर पैशावाचूनही चालत राहते. तिला मग संस्कृती म्हणायला माझी हरकत नाही.

वॉलमार्टकडे येतो. 1997 आणि 1998 मध्ये त्यांनी दोन जर्मन साखळ्यांची दुकानं विकत घेतली, 2006 मध्ये उरलेली 85 दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला देऊन ते परत गेले. आल्डी आणि लिडल या स्वस्त मालाच्या जर्मन दुकानसाखळ्यांपुढे स्वस्ताईत टिकाव लागला नाही हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण ते गणित कुठल्या मातीतलं? खरेदीपेक्षा कमी भावात दूध, साखर विकून गिऱ्हाईक ओढायला गेले तर 2000 मध्ये स्पर्धा आयोगाने अडवलं. रविवारी दुकान उघडावं तर रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचं संरक्षण, तेही जर्मनीच्या जुन्या, 1919 च्या वायमार घटनेतून जसंच्या तसं उचललेलं. कर्मचाऱ्यांनी आपापसात प्रेमप्रकरणं करू नयेत असा नियम अमेरिकेतून आणला, तर 2005 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कामगार न्यायालयाने तो मोडीत काढला. रविवार बंद ठेवणं हा धंद्याचा मुद्दा की संस्कृतीचा? मला तरी त्यात रेघ ओढता येत नाही.

आणि उलट दिशेची गोष्ट तर कोणी सांगतच नाही. आल्डी 1976 पासून अमेरिकेत आहे. ढकलगाडीसाठी 25 सेंटचं नाणं अडकवा, सामान स्वतः पिशवीत भरा, कॅशियर खुर्चीवर बसून भराभर माल सरकवणार आणि गप्पा मारणार नाही. सगळा अस्सल जर्मन कारभार. मिशिगनमधले माझे शेजारी, ज्यांना तुमच्या मते गोड बोलल्याशिवाय घास उतरत नाही, ते तिथे आनंदाने रांग लावायचे. अंडी स्वस्त मिळाली की स्वभाव बाजूला राहतो.

तुम्ही शेजाऱ्यांचाही उल्लेख केला होता, की जर्मन शेजारी सरळ येऊन सांगतो. सांगतो खरा! स्टुटगार्टमध्ये 'केअरवोख'ची पाटी दारावर लटकली की त्या आठवड्यात जिना आणि समोरचा फुटपाथ झाडायची पाळी तुमची. कोपरा राहिला तर तळमजल्यावरच्या आजी बेल वाजवून तो कोपरा दाखवतात. अमेरिकेत कोणी बेल वाजवत नाही, सगळे हात हलवून हसतात, आणि मग घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र येतं: तुमच्या हिरवळीची उंची नियमापेक्षा जास्त आहे, इतक्या दिवसांत कापा, नाहीतर इतका दंड. खाली सही, 'वॉर्म रिगार्ड्स'. मला विचाराल तर मी आजी पत्करेन. पण ती माझी आवड झाली, त्यावरून अमेरिकन शेजारी खोटा ठरत नाही.

पुणेकरांचं मात्र मुळीच पटलं नाही. पुणेरी पाटी चिमटा काढते, लिहिणाऱ्याने त्यात डोकं खर्च केलेलं असतं आणि ते दिसावं अशी त्याची इच्छा असते. जर्मन पाटीत असला सोस नाही. बांधकामाच्या प्रत्येक कुंपणावर एकच ठोकळा मजकूर: 'मुलांच्या कृत्याला आईवडील जबाबदार'. बरं, तेही कायद्याने तसंच्या तसं खरं नाही. देखरेखीत कसूर झाली असेल तरच आईवडिलांवर येतं. पण पाटी देशभर तीच, वर्षानुवर्षं तीच. सदाशिव पेठेत असा कंटाळवाणा मजकूर कोणी लावला असता का?

राहिला 'उथळ मैत्री'चा आरोप. कंपन्यांच्या प्रशिक्षणात हल्ली अमेरिकन म्हणजे पीच (वरून मऊ, आत कडक बी) आणि जर्मन म्हणजे नारळ (वरून टणक, आत मऊ) अशी चित्रं दाखवतात, तुम्हीही तेच लिहिलंय. त्याची मुळं कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या 1936 सालच्या लेखात शोधतात, आणि तो लेख त्या फळांपेक्षा कितीतरी बारकाईचा आहे. लेविन बर्लिनमधले ज्यू प्राध्यापक, 1933 मध्ये देश सोडून अमेरिकेत आलेले. त्यांनी माणसाचं व्यक्तिमत्त्व एकात एक वर्तुळांनी दाखवलं. अमेरिकनांची बाहेरची बरीचशी वर्तुळं परक्याला मोकळी, पण अगदी आतलं वर्तुळ बंद. जर्मनांचं दार बरंच आधी लागतं. म्हणजे आतली खोली दोघांनाही आहे, प्रश्न एवढाच की तुम्ही ओसरीवर बसलात यालाच मैत्री समजलात का. मिशिगनमध्ये आम्ही राहायला गेलो त्या आठवड्यात शेजारीण केक घेऊन आली, आणि नंतर वर्षभर नुसते हात हलवणं. माझ्या बायकोला ते लागलं होतं. स्टुटगार्टकडच्या त्याच सहकाऱ्याने, डोळ्याने खुणावणाऱ्या, घरी बोलवायला दोन वर्षं घेतली. आता त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आमच्याकडे पहिलं आलं. पण केक खोटा होता असं मी म्हणणार नाही. नवीन गावात, कुणी ओळखीचं नसताना, त्या आठवड्यात मला केकच हवा होता.

तुम्ही लिहिलंत, "पुढचं लिहिण्याआधी एखाद्या जर्मनाला विचारा." जर्मनांना विचारतोच, यावेळी तुम्हाला विचारतो. पुढचा लेख भाड्याच्या घरांवर आहे. हिवाळ्यातसुद्धा दिवसातून अमुक वेळा खिडक्या सताड उघडून हवा खेळती ठेवा, असं कलम माझ्या तिथल्या भाडेकरारात होतं, आणि घर सोडताना भिंतीला बुरशी दिसली म्हणून मालकाने त्यावर बोट ठेवून अनामतीतले पैसे कापले. तुमच्या करारात ते कलम आहे का? असेल तर नेमके शब्द कळवा, तुमचं नाव न घालता वापरेन.