जांभळे खांब
अमेरिकेच्या कॅन्सस राज्यामध्ये 95 टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी असताना फेझंट आणि क्वेल या रानपक्ष्यांच्या शिकाऱ्याने, रीतसर परवाना काढूनही, जायचे तरी कुठे? पूर्वी शेतकऱ्याच्या दारात जाऊन विचारले की बहुधा होकार मिळे. आता तेच शिवार एखाद्या आउटफिटरने, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सोय करणाऱ्या व्यावसायिकाने, हंगामभरासाठी भाड्याने घेतलेले असते आणि लेखी परवानगीशिवाय शिकारीला मनाई असल्याचे बजावणारा जांभळा रंग कुंपणाच्या खांबाखांबावर फासलेला असतो. सरकार मोबदला देऊन काही जमिनी खुल्या ठेवते हे खरे, पण चाऱ्यासाठी गवत कापून नेल्यावर उरलेल्या घोट्याएवढ्या खुंटांत पक्षी लपणार कसा? त्यातच संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या, योजनेखाली 2007 मध्ये देशभरात 3.68 कोटी एकर जमीन गवताखाली राखलेली होती, तिची कमाल मर्यादा 2014 च्या कृषी कायद्याने 2.4 कोटींपर्यंत खाली आणली. भाडे न परवडणाऱ्या बापाने आपल्या लेकीला शिकारी कुत्र्यामागे चालायला शिकवायचे कुठे?